भिंगरीला वाक्य देणारा माणूस

कुजबुजरावांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारल्याचं नाटकाच्या माणसांपैकी कुणालाच आठवत नाही. कंपनीत लागल्यावर हे टोपणनाव पडलं आणि पुढे पगाराचा कागद सोडला तर सगळीकडे तेच चाललं. त्यांचं काम प्रॉम्प्टरचं. म्हणजे विंगेत, पडद्याच्या आडोशाला एका बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, वहीवर पत्र्याच्या टोपीचा छोटा दिवा, आणि रंगमंचावरचा नट अडला की त्याचं वाक्य त्याला अशा बेताने द्यायचं, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नये. हे काम चांगलं झालं तर ते झालंच नाही असं वाटतं आणि बिघडलं तर सगळ्या थिएटरला कळतं. असला धंदा पत्करणारा माणूस एकतर संत असतो नाहीतर भित्रा. कुजबुजराव संत नव्हते.

तरुणपणी त्यांना नट व्हायचं होतं. एकदा निरोप्याचं काम मिळालं, वाक्य एकच, तेही चार शब्दांचं. प्रकाश तोंडावर पडला आणि निरोप न देताच स्वारी आत पळाली. तेव्हाच्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरने त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. म्हातारा म्हणाला, "तुझ्या आवाजात जीव नाही, पण कान चांगला आहे. बस इथे. आणि एक ध्यानात ठेव. थांबलेला नट अडलेलाच असतो असं नाही. कधी तो विचार करतो, कधी रुसलेला असतो, कधी नुसता श्वास घेतो. आधी बघायचं, मग द्यायचं. घाईने वाक्य देणारा प्रॉम्प्टर नटाला पांगळा करतो."

हे एवढं मात्र कुजबुजरावांनी जन्मभर पाळलं. एका नाटकात थोरल्या नटाला मुलाच्या मृत्यूची बातमी कळते, असा प्रवेश होता. एका प्रयोगाला नट तिथे थांबला तो थांबलाच. विंगेतले सगळे यांच्याकडे डोळे वटारून बघू लागले, व्यवस्थापकाने तर पाठीत कोपर मारलं. कुजबुजरावांनी पडद्याची कड मुठीत धरली आणि ओठ घट्ट मिटले. त्यांना दिसत होतं की नटाचा अंगठा हलतोय. अंगठा हलतोय म्हणजे माणूस आत कुठेतरी वाक्याच्या मागे आहे, त्याला येऊ द्यावं. ते वाक्य आलं तेव्हा अख्खं थिएटर हुंदके देत होतं. कुजबुजरावांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते हेच, आणि त्यात त्यांनी काही म्हणजे काहीच केलं नव्हतं.

मग वय झालं. शेवटच्या वर्षांत एक टवाळ नट मेकअप पुसता पुसता म्हणायचा, "आमचं नाटक हल्ली लोकांना एका तिकिटात दोनदा ऐकायला मिळतं. कुजबुजरावांची कृपा!" सगळे हसायचे. कुजबुजरावही हसायचे, त्यांना वाटायचं की कौतुक चाललंय. पुढे एक दिवस व्यवस्थापक म्हणाला की नवी पोरं पाठांतराला पक्की आहेत, आता या कामाची गरज उरली नाही. निरोपाची भेट म्हणून त्यांना त्यांचंच स्टूल आणि त्यांचाच दिवा दिला. बसमध्ये बसायला जागा नव्हती म्हणून ते त्या स्टुलावर बसून घरी आले.

घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. बायको बरीच आधी गेलेली. लेक दूरच्या शहरात एका श्रीमंत घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायची, राहणंखाणं तिथेच. जावयाने दुसरा संसार थाटला होता, त्यामुळे त्याचा विषय या घरात निघत नसे. लेकीची मुलगी शाळेच्या वयाला आली तेव्हा लेक तिला घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, त्या घरात मला लेकरू ठेवू देत नाहीत. तुमच्याकडे राहू दे. पण एक सांगते, हिचा अभ्यास झाला पाहिजे. मी लोकांची म्हातारी पुसते, हिने पुसायची नाही. अभ्यास मागे पडला तर मी हिला तिकडच्या वसतिगृहाच्या शाळेत घालणार. मग रडायचं नाही, तुम्हीही नाही."

"अगं, मी जन्मभर वह्या वाचल्यात," कुजबुजराव म्हणाले. "माझ्याकडे अभ्यास मागे कसा पडेल?"

मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. हजेरीपटात काहीतरी लांबलचक सुंदर नाव होतं, पण शाळेतल्या बाईही आठवड्याभरात भिंगरीवर आल्या. तिने जिन्याखालच्या सायकलवाल्याची घंटी वाजवून वाजवून मोडली, खिडकीच्या गजांतून डोकं घातलं आणि ते काढायला साबण लागला. कुजबुजरावांच्या खोलीत किती वर्षांनी कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. ती झोपली की हा माणूस तिच्या चपला जागेवर लावताना उगाच हसायचा. त्यांना ती इतकी हवी होती की तिच्या आईचं वसतिगृहाचं बोलणं आठवलं की त्यांना घास गिळवत नसे.

आणि मग शाळेच्या इमारतीला तडे गेले. तुळई खचली, वरून अधिकारी आले, दाराला कुलूप लागलं. मोठ्या वर्गांची सोय दुसऱ्या शाळेत झाली, पण लहानग्यांना तिथे जागा नव्हती. पहिलीची शाळा घरातच भरेल, असं ठरलं. बाई सकाळी फोनवर धडा शिकवून पाठवणार, मुलांनी तो घरी मोठ्याने वाचायचा, घरच्यांनी त्याचा व्हिडिओ काढून दुपारपर्यंत ॲपवर टाकायचा. बाईंनी तो पाहिला की मुलाच्या नावापुढे हिरवी चांदणी यायची. नाही टाकला तर चांदणी राखाडी. आईबापांना ती चांदणी कुठूनही दिसायची, म्हणजे भिंगरीच्या आईलाही, म्हातारीचं पांघरूण बदलता बदलता. घर आणि शाळा कशी एका धाग्याने जोडली गेली, असं पहिल्या दिवशी मुख्याध्यापक पडद्यावर म्हणाले. मागे त्यांच्या घरातला कुकर शिट्ट्या मारत होता.

कुजबुजरावांनी तयारी केली ती नाटकाच्या प्रयोगासारखी. टेबलावर पिठाच्या डब्याला टेकून फोन उभा केला, पत्र्याच्या टोपीचा दिवा पुस्तकावर सोडला, भिंगरीला समोर बसवलं, आणि स्वतः फोनच्या मागे आपलं बुटकं स्टूल टाकलं. त्यांच्या हिशेबाने फोनचा डोळा जिकडे बघतो तिकडे प्रेक्षक, आणि फोनच्या मागची बाजू म्हणजे विंग.

पहिला धडा माकडाचा होता. भिंगरीने सुरुवात तर ऐटीत केली. "एक होतं माकड. त्याला सापडली..." आणि तिथे तिची गाडी अडली. पुढे जोडाक्षर होतं. तिने पुस्तकात बघितलं, बोट अक्षराखाली नेलं, ओठ हलवले. कुजबुजरावांनी ते सगळं बघितलं. नटाचा अंगठा ओळखणाऱ्या माणसाला पोरीचं बोट दिसत नव्हतं असं कसं म्हणावं? पण त्यांना फोनवरचे लाल आकडे पळताना दिसत होते, आणि त्या आकड्यांच्या पलीकडे वसतिगृह दिसत होतं.

"छत्री," त्यांनी ओठ न हलवता दिलं.

"छत्री!" भिंगरी म्हणाली आणि पुढे सुटली. पुढचा शब्द अडला, तोही मिळाला. त्याच्या पुढचा तर अडायच्या आधीच मिळाला. धडा संपला तेव्हा तिने नटीसारखी मान झुकवली. दुपारी हिरवी चांदणी आली, बाईंचा आवाज आला, "शाब्बास भिंगरी! किती छान वाचलंस!" आणि पाठोपाठ लेकीचा फोन. ती पलीकडे रडत होती. "बाबा, मी म्हातारीला पण दाखवला व्हिडिओ. तुम्ही आहात म्हणून जमतंय हो सगळं."

माणसाला कौतुकाची चटक लागते ती अशी. त्यातून हे कौतुक त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच तोंडावर मिळत होतं.

मग तो रोजचाच खेळ झाला. भिंगरीचं पाठांतर विलक्षण होतं. आजोबा एकदा वाचून दाखवायचे, व्हिडिओच्या वेळी अडेल तिथे द्यायचे, आणि ही पोरगी तो धडा हातवारे करून असा म्हणायची की बाईंनी तिचे व्हिडिओ इतर पालकांना नमुना म्हणून पाठवले. ती काही चोरी करतेय असं तिला कधी वाटलंच नाही. तिच्या समजुतीने वाचणं म्हणजे हेच होतं. पुस्तक समोर धरायचं, आजोबा देतील ते घ्यायचं आणि मोठ्याने म्हणायचं. त्यांचाच शब्द तिने उचलला होता. अडली की ती म्हणायची, "आजोबा, दे ना!" आणि आजोबा द्यायचे.

एकदा बाईंनी सगळ्या पालकांना निरोप टाकला की कृपया मुलं वाचत असताना मागून सांगू नये, त्यांना स्वतःचं स्वतः वाचू द्यावं. कुजबुजरावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मान हलवली. "कसले एकेक पालक असतात," ते म्हणाले. आपलं बिंग फुटेल अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही. व्हिडिओ ते स्वतः लावून ऐकत होते की! त्यात भिंगरीचा खणखणीत आवाज तेवढा होता. आपले कान आता तिच्या खणखणीत आवाजापलीकडचं काही टिपत नाहीत, हे त्यांना कळणार तरी कसं, आणि सांगणार तरी कोण?

पण दुसरी गोष्ट त्यांना कळली होती. ती कळली औषधाच्या दुकानात.

दुकानाला काचेचं दार होतं आणि दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "ओढा". भिंगरी पुढे धावली आणि तिने दार ढकललं. हललं नाही. तिने खांदा लावला, मग पाठ लावली, आणि खिदळत म्हणाली, "आजोबा, दार बिघडलंय."

"अगं, लिहिलंय काय ते बघ की."

भिंगरीने दाराकडे बघितलं. दोन अक्षरं, तीही साधी. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, भिंतीवरच्या डागाकडे बघावं तशी. मग तिने मान वळवली आणि आजोबांच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. ही नजर कुजबुजरावांच्या चांगल्या ओळखीची होती. पाठांतर न करता प्रयोगाला उभा राहणारा नट विंगेकडे अशीच नजर टाकतो, आणि त्यात लाजही नसते, कारण मिळणार याची खात्री असते.

पोरीला वाचताच येत नाही, हे त्यांना कळलं. आणि तरीही त्यांनी काय करावं?

"ओढा," ते म्हणाले.

भिंगरीने दार ओढलं.

त्या रात्री त्यांना झोप लागली नसेल असं तुम्हाला वाटेल. लागली. घाबरट माणसाची झोप चांगली असते, कारण तो सगळं उद्यावर टाकून झोपतो. उद्या म्हणजे खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यांनी निश्चय केला की आज द्यायचं नाही. धडा विहिरीचा होता. भिंगरी पहिल्याच ओळीला थांबली. "आजोबा, दे ना." त्यांनी मान हलवली. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. "आजोबा! दे!" ते गप्प. मग तिने पुस्तक मिटलं, उघडलं, त्यांची बाही ओढली, आणि शेवटी ती रडायला लागली, हट्टाने नव्हे, घाबरून. ओळखीच्या माणसाने ओळख दाखवली नाही की बघावं, तशी ती त्यांच्याकडे बघत होती. दुपार उलटली. चांदणी राखाडी झाली. आणि लगेच फोन वाजला.

"बाबा, आज का नाही आलं? बरी आहे ना ती? अभ्यास तर होतोय ना?"

"होतोय, होतोय," कुजबुजराव म्हणाले. "फोन जरा रुसला होता. आत्ता टाकतो बघ."

फोन ठेवून त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "घे," ते म्हणाले. "विहीर. गावाबाहेर एक जुनी विहीर होती." भिंगरीने नाक पुसलं आणि हसत हसत सुरुवात केली. पुन्हा असा निश्चय त्यांनी केला नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा इमारतीला लोखंडी खांब लागले आणि शाळेचं कुलूप निघालं. दुसरीत घालण्याआधी प्रत्येक मुलाला पालकांसमोर वाचायला लावायचं ठरलं होतं. लेक रजा काढून आली. येताना तिने भिंगरीसाठी गोष्टींची पुस्तकं आणली, एवढाली जाड. "इतकं छान वाचते, तिला पुरायला नकोत?" ती म्हणाली. कुजबुजरावांनी ती पुस्तकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. लेकीने विचारलं, तर म्हणाले धूळ बसते.

वर्गात नव्या रंगाचा वास होता. शाळा भरायची तेव्हा ते भिंगरीला फाटकापर्यंतच सोडत, त्यामुळे बाई त्यांना पहिल्यांदाच पूर्ण दिसल्या. पडद्यावर त्या फक्त खांद्यापर्यंत असत. प्रत्यक्षात त्या अगदी तरुण होत्या आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. भिंगरी बाकावर बसली, तिच्या एका बाजूला आई, आणि कुजबुजराव मागच्या बाकावर. लहान मुलांच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नव्हते.

बाईंनी माकडाचा धडा उघडला. भिंगरीने तो म्हटला. म्हटला म्हणजे काय, रंगवला! माकड झाली, मुंगी झाली, छत्री उघडताना दोन्ही हात पसरले. तिची आई बाईंकडे बघून अशी हसत होती की कुजबुजरावांनी मान खाली घातली. भिंगरीचं बोट केव्हाच दुसऱ्या पानावर जाऊन पोचलं होतं.

"छान," बाई म्हणाल्या. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता शब्द, भिंगरी?"

भिंगरीने क्षणभर विचार केला आणि पहिल्यापासून धडा म्हणायला सुरुवात केली, भरभर, बोटांवर शब्द मोजत. मध्येच कुठेतरी थांबली आणि अंदाजाने म्हणाली, "मुंगी?"

तो शब्द "पाऊस" होता.

आईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. बाईंनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. न शिकवलेला, चारच ओळींचा. तो भिंगरीपुढे ठेवला. भिंगरीने कागद धरला, पाठ ताठ केली, घसा खाकरला, आणि वाट बघू लागली. पुस्तक समोर धरलं म्हणजे वाक्य येतं, हा तिचा वर्षभराचा अनुभव होता. ते आलं नाही तेव्हा तिने मान वळवली आणि मागच्या बाकाकडे बघितलं.

जन्माची सवय म्हणा, माया म्हणा, मूर्खपणा म्हणा. कुजबुजराव पुढे झुकले आणि ओठ न हलवता, आपल्या मते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सकाळ झाली. पक्षी जागे झाले."

वर्गाच्या दारात दुसरी एक आई उभी होती. तिने दचकून आत बघितलं.

"आजोबा," बाई मायेने म्हणाल्या, "आता नको."

मग लेकीने विचारलं, "आता नको म्हणजे? आधी काय होत होतं?"

बाईंच्या लक्षात आलं, पण बोलून गेल्या होत्या. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "ताई, प्रत्येक व्हिडिओत आजोबांचा आवाज येतो. पहिल्या दिवसापासून. आधी आजोबा म्हणतात, मग ती म्हणते."

"आणि तुम्ही चांदणी देत होतात?"

"दिली," बाई म्हणाल्या. "निम्म्या घरांतून काहीच येत नव्हतं. वरून रोज विचारायचे, किती मुलं वाचतात, किती मुलं वाचतात. तुमच्याकडून रोज न चुकता यायचं. मला वाटायचं, या मुलीजवळ निदान कुणीतरी बसतंय तरी. ते कसं तोडू? एकदा निरोप टाकला होता सगळ्यांना. नाव घेऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं मी. चूक झाली."

लेक म्हणाली, "मलाही ऐकू यायचा तो आवाज." ती बापाकडे बघत नव्हती. "मला वाटायचं, दोघं मिळून वाचतायत. आमच्या लहानपणी तुम्ही प्रयोगाला असायचात, कधी जवळ बसला नाहीत. मी रात्री कानाला लावून ऐकायचे, बाबा. तुमच्या आवाजासाठी."

म्हणजे सगळ्यांनाच ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून, धडधडीत. फोनला विंग नसते, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. कुजबुजरावांना तो टवाळ नट आठवला, एका तिकिटात दोनदा, आणि तो विनोद त्यांना आज कळला. पाठांतराला पक्क्या नव्या पोरांची ती सबबही कळली. पण त्याचं दुःख करत बसायला तरी त्यांना सवड कुठे होती? समोर भिंगरी दोन्ही हातांत कागद धरून अजून वाट बघत होती.

"आजोबांनी दिलंच नाही पुढचं," ती बाईंना म्हणाली. तक्रार नव्हती, ती आपली माहिती देत होती.

घरी आल्यावर लेकीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे भिंगरीचे कपडे घडी घालत राहिली. "शिक्षा म्हणून नाही नेत, बाबा," ती म्हणाली. "तिकडे तिला पुन्हा पहिलीत बसवतील. संध्याकाळी शिकवणाऱ्या ताई आहेत. तुमच्याजवळ ती कधी वाचणार नाही. तुम्ही तिला वाचू देणार नाही. तुम्हाला बघवणारच नाही."

"मी आता देणार नाही," कुजबुजराव म्हणाले. "शपथ घेतो. तोंडाला पट्टी बांधून बसतो."

"बाबा, मघाशी बाईंसमोर बसून दिलंत."

बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. भिंगरीला गाडीत बसायचं म्हणून आनंद झाला होता. जिन्यावरून उतरताना तिने सायकलवाल्याची नवी घंटी वाजवली, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत ती हात हलवत होती. ती वळल्यावरही कुजबुजराव खिडकीत उभे राहिले. मग वरच्या फळीवरची जाड पुस्तकं काढून त्यांनी धूळ पुसली. धूळ बसलीच नव्हती.

वसतिगृहात तोंड दिसणारा फोन आठवड्यातून एकदा मिळतो, रविवारी, रांग लावून. आईचा फोन एका रविवारी, आजोबांचा दुसऱ्या. सुरुवातीला भिंगरी नुसती रडायची. पहिलीत तिच्याहून लहान मुलं आहेत आणि ती तिला "लांबडी" म्हणतात, असं सांगायची. धडा म्हणून दाखवते म्हटलं तर ताई म्हणतात, पाठ म्हणू नकोस, वाच. "आजोबा, मला येत नाही रे," ती म्हणायची. पूर्वी हे वाक्य तिला माहीत नव्हतं. तिचं भिंगरीपण गेलं होतं. ती आता एका जागी बसायची.

आपल्या रविवारी कुजबुजराव दुपारपासून तयार असत. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि स्टूल आता फोनच्या पुढे. परवाच्या रविवारी भिंगरीने पुस्तक आणलं होतं. तिने ते छातीशी धरलं होतं. "आजोबा, ताईंनी सांगितलंय तुला वाचून दाखव. तू देऊ नकोस हं."

"नाही देणार," कुजबुजराव म्हणाले आणि त्यांनी उजवा हात तोंडावर घट्ट दाबला.

"गा... वा... बा... हेर," भिंगरीने सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता. "ए... क. जु... नी..."

आणि ती थांबली.

पुढचा शब्द त्यांना ठाऊक होता. तो त्यांच्या जिभेच्या टोकावर आला आणि त्यांनी हात आणखी दाबला. भिंगरी पुस्तकात बघत होती, तोंड थोडं उघडं, बोट कागदावर. आधी बघायचं, मग द्यायचं. त्यांनी बोटाकडे बघितलं. हलतंय का? हलत नव्हतं. ती विचार करत होती, की अडली होती, की नुसता श्वास घेत होती? जन्मभर त्यांनी माणसांचं थांबणं ओळखलं होतं, आणि आता पडद्यावरच्या एवढ्याशा तोंडावरून त्यांना काहीच कळेना. तरी ते थांबले. त्या थोरल्या नटासाठी थांबले होते तसे, डाव्या हाताने टेबलाची कड धरून. येऊ दे, ते मनात म्हणत होते, सावकाश येऊ दे, मी आहे इथे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पोरगी विचार करतेय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

बऱ्याच वेळाने पडदा काळा झाला. मग वसतिगृहाच्या ताईंचा निरोप आला. तो त्यांनी चष्मा लावून वाचला.

"आजोबा, तुमच्याकडे चित्र, आवाज सगळं अडकलं होतं का? तिने तो शब्द वाचला आणि पुढच्या दोन ओळीही वाचल्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तोंडावर हात धरून रडताना दिसत होतात. तिला वाटलं, तिचं चुकलं. पुस्तक टाकून पळाली ती. पुढच्या वेळी फोनवर यायचं नाही म्हणते."

कुजबुजरावांनी हात खाली घेतला. गालावर बोटांचे वळ उठले होते.

"विहीर," ते म्हणाले.